जबड्याचा सांधा 'वाढला' असं कधी म्हणायचं?

शोधनिबंध हातात पडला की आपण आधी सारांश वाचतो, मग तक्ते चाळतो, आणि 'पद्धत' हा भाग नंतर कधीतरी बघू म्हणून सोडून देतो. आज उलटं करू. एकच विषय घेऊ आणि त्यात फक्त पद्धतीकडे बघू. विषय असा: किशोरवयीन आणि विशीतल्या मुलामुलींच्या जबड्याच्या सांध्याची वाढ एक्स-रे, सीबीसीटी वगैरे प्रतिमांवरून मोजणे. तुम्ही दंतवैद्यकातले नसलात तरी थांबा. इथे दिसणाऱ्या अडचणी वाढ, झीज, प्रगती असं काहीही मोजणाऱ्या प्रत्येकाला भेटतात.

आधी शरीररचना, थोडक्यात. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याचं डोकं, म्हणजे कॉन्डाइल. ते कवटीच्या एका खोबणीत बसतं. वाढीच्या वयात त्याच्या माथ्यावर कूर्चेचा थर असतो. या कूर्चेतून नवं हाड तयार होतं आणि त्यातून खालच्या जबड्याला लांबी-उंची मिळते. वाढ मंदावली की कूर्चेखाली घट्ट हाडाचा एक पातळ, अखंड थर तयार होतो. याला कॉर्टिकल थर म्हणतात. तो प्रतिमेत पांढऱ्या रेषेसारखा दिसतो.

हे मोजून करायचं काय? बरंच काही. खालचा जबडा पुढे आलेल्या मुलाची शस्त्रक्रिया वाढ थांबायच्या आधी केली, तर जबडा पुन्हा पुढे जाऊ शकतो. म्हणून सर्जन विचारतो, "वाढ संपली का?" दुसरीकडे, मागे राहिलेला जबडा उपकरणं लावून पुढे आणायचा असेल तर वाढ चालू असतानाच ते करावं लागतं. तिथे प्रश्न असतो, "वाढ उरलीय का?" दोन्ही वेळा उत्तर एका मुलाबद्दल हवं असतं, सरासरीबद्दल नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता एक निबंध बघू. २०१३ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी'मध्ये बीजिंगच्या संशोधकांचं काम आलं. किशोर आणि तरुणांच्या सीबीसीटी प्रतिमांमध्ये कॉन्डाइलवरचा कॉर्टिकल थर कोणत्या वयात दिसायला लागतो आणि कधी पूर्ण होतो, हे त्यांनी पाहिलं. निष्कर्ष असा: मुलींमध्ये तो १२-१३ आणि मुलांमध्ये १३-१४ च्या आसपास सुरू होतो, आणि मुलींमध्ये २१, मुलांमध्ये २२ वर्षांपर्यंत पूर्ण होतो. मला हा निबंध उपयोगी वाटतो, का ते पुढे सांगतो. माझी तक्रार आहे ती तो ज्या पद्धतीनं उद्धृत होतो त्याबद्दल. प्रस्तावनेत सर्रास वाक्य येतं: 'कॉन्डाइलची वाढ २१-२२ व्या वर्षी पूर्ण होते.' एका संदर्भक्रमांकासकट. झालं! 'थर दिसतो' याचं 'वाढ थांबते' कधी झालं, कुणाच्या लक्षातही येत नाही.

या छोट्याशा उडीत तीन गोष्टी हरवतात.

पहिली, थर हा वाढीचा अप्रत्यक्ष पुरावा आहे. वाढ मंदावते तसा तो बनतो, हे बरोबर. पण तो पूर्ण दिसला त्या दिवशी वाढ शून्य झाली, किंवा अर्धवट दिसतोय म्हणून वाढ अजून जोरात आहे, हे प्रतिमा सांगत नाही. ते सांगायला वाढ स्वतंत्रपणे मोजून दोन्ही शेजारी ठेवायला हवं.

दुसरी, 'दिसणं' हे यंत्रावर अवलंबून असतं. सीबीसीटीची प्रतिमा बारीक घनांची बनते, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. घनाची बाजू बहुधा ०.२ ते ०.४ मि.मी. असते. एका घनात थोडं हाड आणि थोडा मऊ ऊतक आला, तर यंत्र दोघांची सरासरी काढून एकच करडा रंग देतं. थर घनापेक्षा पातळ असेल तर तो असूनही फिकट पडतो किंवा दिसतच नाही. त्यात मुलानं गिळलं, मान जराशी हलली, तर खरी स्पष्टता आणखी घसरते. म्हणून '१३ व्या वर्षी सुरू होतो' याचा काटेकोर अर्थ 'या यंत्रावर, या सेटिंगला, १३ च्या सुमारास दिसण्याइतका जाड होतो' असा आहे. वाक्य लांबतं, मान्य. पण खरं होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. समजा, एका घरात दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं खुणा आहेत. दर वाढदिवसाला आईनं मुलाला चौकटीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली आणि खूण केली. ही वाढ. आता दुसरी पद्धत: शाळेत जायचं, पाचवीपासून बारावीपर्यंतची मुलं एकाच दिवशी मोजायची आणि इयत्तेनुसार सरासरी काढायची. यातून मिळतो तो वेगवेगळ्या वयांच्या वेगवेगळ्या मुलांमधला फरक. सीबीसीटीवरची या विषयातली बहुतेक कामं दुसऱ्या प्रकारची असतात. दवाखान्याच्या संगणकात आधीच पडलेल्या प्रतिमा काढायच्या, वयानुसार गट पाडायचे, मोजायचं.

यात नुकसान काय, तर सरासरीचा आलेख वाढीचा उंचवटा खाऊन टाकतो. ब्रिटनमध्ये टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात उंचीचे तक्ते करताना हा मुद्दा जोरात मांडला होता. एक मुलगा बाराव्या वर्षी उसळी घेतो, दुसरा पंधराव्या. दोघांची वयानुसार सरासरी काढली की लांबट, बुटका टेकाड उरतो, जो प्रत्यक्षात दोघांपैकी कुणाचाच नसतो. आणि आपल्या सर्जनला हवी आहे ती नेमकी त्या एका मुलाची उसळी. ती कधी आली, कधी ओसरली.

शिवाय दवाखान्यातल्या प्रतिमा कुणाच्या असतात? ज्यांना काहीतरी त्रास होता त्यांच्या. अडकलेली अक्कलदाढ, वेडेवाकडे दात, सांध्यात कटकट. निरोगी पोराला गंमत म्हणून कुणी सीबीसीटी काढत नाही, आणि काढूही नये. त्यामुळे 'सामान्य' गट हा शब्द दिसला की तो गट कसा जमवला हे आधी वाचा.

मग वाढ खरोखर मोजली कुणी? यासाठी कोपेनहेगनच्या आर्ने ब्यॉर्क यांच्याकडे जावं लागतं. १९५० च्या दशकात त्यांनी मुलांच्या जबड्याच्या हाडात धातूच्या टाचणीएवढ्याही नसलेल्या बारीक पिना बसवल्या आणि मग वर्षानुवर्षं त्याच मुलांचे एक्स-रे काढले. हाडाच्या आत बसलेली पिन हलत नाही. म्हणून दोन वर्षांचे दोन एक्स-रे पिनांवर पिना येतील असे एकमेकांवर ठेवले, की उरलेला सगळा फरक म्हणजे वाढ किंवा झीज. १९६३ च्या निबंधात त्यांनी मुलग्यांच्या कॉन्डाइलची वाढ दिली: बालपणात वर्षाला सुमारे ३ मि.मी., वयात येण्याआधी थोडी मंद, मग साडेचौदाच्या आसपास वर्षाला सुमारे ५ मि.मी.चा कळस. दिशेतला फरक तर याहून बोलका. कुणाचं कॉन्डाइल वर आणि पुढे वाढत होतं, कुणाचं वर आणि मागे. सरासरी दिशा सांगून भागेल अशी परिस्थितीच नव्हती.

प्रयोगाची नैतिक बाजू वेगळी आहे. निरोगी मुलांच्या हाडात पिना बसवायला आज कुठलीही नैतिकता समिती परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण पद्धतीकडे बघा. त्यांचे एक्स-रे सपाट, धूसर, एका बाजूनं काढलेले. आजच्या सीबीसीटीपुढे ते काहीच नाहीत. तरी 'वाढ किती' याचं उत्तर त्यांच्याकडे आहे, कारण माणूस तोच होता, मोजणी परत परत होती आणि टेकायला न हलणारी जागा होती. आपल्याकडे चित्र कितीतरी चांगलं आहे आणि या तिन्हीपैकी बहुधा एकही गोष्ट नाही.

'टेकायला न हलणारी जागा' हे नुसतं बोलायला सोपं आहे. दोन प्रतिमा एकमेकांवर ठेवताना काय स्थिर धरता, त्यावर उत्तर बदलतं. आजकाल संगणकावर कवटीच्या तळाचा पुढचा भाग स्थिर धरून प्रतिमा जुळवतात, कारण तो भाग लहानपणीच बराचसा वाढून होतो. चेहऱ्यासाठी हे छान. पण कॉन्डाइल कवटीच्या खोबणीत बसलेलं असतं. कवटी स्थिर धरली की ते जवळजवळ जागच्या जागी दिसतं, आणि हनुवटी खाली-पुढे गेलेली दिसते. खालचा जबडा स्थिर धरला की हनुवटी जागेवर राहते आणि कॉन्डाइल वर-मागे वाढलेलं दिसतं. मूल तेच, दोन तारखाही त्याच. पहिल्या मापात जबड्याचं सरकणं आहे, दुसऱ्यात कॉन्डाइलची वाढ. निबंधात 'आम्ही प्रतिमा जुळवल्या' एवढंच लिहिलं असेल आणि कशावर ते नसेल, तर पुढचे तक्ते वाचण्यात अर्थ नाही.

(कॉन्डाइल वाढून जबड्याला पुढे रेटतं, की जबडा आधी सरकतो आणि कॉन्डाइल मागची जागा भरून काढतं, हा वादही यातलाच. मेल्विन मॉस यांनी १९६० च्या दशकात दुसऱ्या बाजूनं जोरदार मांडणी केली. त्यावर लिहायचं तर वेगळा लेख लागेल.)

बरं, जबडा स्थिर धरायचा तर त्यातला कोणता भाग? खालची कड घेऊ नका. ब्यॉर्क यांच्या पिनांनीच दाखवलं की तिथे हाड चढत आणि झिजत असतं, आणि कड जुळवली की जबड्याचं फिरणं झाकलं जातं. हनुवटीची पुढची रेषा, हनुवटीच्या आतल्या घट्ट हाडाची कड, जबड्यातून जाणाऱ्या नसेच्या नळीची रेषा, आणि मुळं यायच्या आधीच्या अक्कलदाढेच्या कळीची खालची कड, या जागा त्यांनी तुलनेनं स्थिर म्हणून सांगितल्या. पिना न बसवता आज काम करायचं असेल तर सुरुवात इथूनच होते.

आता चुकीचं गणित. हा भाग वगळायचा मोह होईल, वगळू नका.

निबंधात वाक्य असतं: 'मापनाची विश्वसनीयता उत्कृष्ट होती, आयसीसी ०.९७.' वाचणारा मान डोलावतो. पण आयसीसी, म्हणजे एकाच गोष्टीची दोनदा केलेली मापं किती जुळतात याचा गुणांक, गटात माणसामाणसांत किती फरक आहे त्यावर फुगतो. समजा, जबड्याच्या उभ्या भागाची उंची मोजताय. गटात बारा वर्षांची मुलगी आणि बावीस वर्षांचा मुलगा दोघंही आहेत, म्हणून माणसामाणसांतलं प्रमाण विचलन ५ मि.मी. तुमच्या मापातली चूक ०.८ मि.मी. आयसीसी काढा: २५ भागिले २५.६४, म्हणजे ०.९७५. उत्कृष्ट! आता हेच माप एका मुलावर दोनदा, वर्षाच्या अंतरानं घ्या. वाढ म्हणजे दोन मापांची वजाबाकी, आणि वजाबाकीत दोन्ही वेळची चूक मिसळते: ०.८ गुणिले २ चं वर्गमूळ, साधारण १.१३ मि.मी. याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे २.२ मि.मी.पर्यंतचा फरक निव्वळ मापनाच्या चुकीनं येऊ शकतो.

साडेचौदा वर्षांच्या मुलाची वाढ वर्षाला ५ मि.मी. असेल, तर ही पद्धत ती पकडते. अठराव्या वर्षी समजा अर्धा मि.मी. उरली असेल, तर त्याच पद्धतीनं ती एका वर्षात दिसणार नाही. दिसायला चारेक वर्षं थांबावं लागेल. आणि सर्जनचा प्रश्न तर अठराव्या वर्षीचाच आहे! म्हणजे जिथे उत्तर आधीच माहीत असतं तिथे पद्धत चालते आणि जिथे गरज असते तिथे अडते. मोठ्या गटात चूक सरासरीनं कमी होते, त्यामुळे 'या वयोगटात सरासरी वाढ अर्धा मि.मी.' असं म्हणता येईल. त्या गटातल्या एका मुलाला 'तुझी वाढ थांबली' म्हणता येणार नाही. म्हणून आयसीसीवर समाधान मानू नका. चूक मिलिमीटरमध्ये मागा. डालबर्गचं सूत्र असो की ब्लँड-ऑल्टमनच्या मर्यादा, काहीही चालेल, एकक मिलिमीटर हवं.

जाता जाता एक सवय मोडायला सांगतो. शंभर माणसं, दोन बाजू, म्हणून 'नमुना २०० सांधे'. एका माणसाचे दोन सांधे एकाच रक्तावर, एकाच वयात, एकाच आहारावर वाढलेले असतात. ते दोन स्वतंत्र साक्षीदार नाहीत. दोनशे धरले की पी-व्हॅल्यू आपोआप लहान दिसते.

ओपीजीबद्दल फार बोलत नाही. त्यावर कॉन्डाइलची डावी-उजवी उंची मोजून हाबेट्स आणि सहकाऱ्यांचं १९८८ चं सूत्र लावायची पद्धत आपल्याकडच्या प्रबंधांत अजून आहे. त्या सूत्रातली ३ टक्क्यांची सीमा मुळात डोकं सेंटिमीटरभर हललं तरी एवढा फरक येऊ शकतो म्हणून ठरवलेली आहे, हे मात्र वापरणाऱ्यांनी वाचलेलं असावं. किरणोत्सर्गी टेक्नेशियम देऊन केलेल्या हाडांच्या स्कॅनमध्ये डाव्या-उजव्यात १० टक्के किंवा जास्त फरक असेल तर एक बाजू जास्त सक्रिय आहे असं धरतात. एका बाजूनं वाढत राहणाऱ्या जबड्यात याचा उपयोग होतो. दोन्ही बाजू सारख्या वाढत असतील तर तुलनेतून काहीच हाती येत नाही.

आता बीजिंगच्या कामाकडे परत येतो, कारण त्याचा खरा उपयोग वाढ सांगण्यात नाही, रोगनिदानात आहे. पंधरा वर्षांची मुलगी सांधा दुखतो म्हणून येते. सीबीसीटी काढतात. कॉन्डाइलवर पांढरी रेषा अखंड नाही, मध्ये मध्ये तुटक आहे. प्रौढांसाठीच्या निकषांत, म्हणजे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आणि आज जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रतिमा-निकषांत, पृष्ठभागाची झीज हे सांध्याच्या ऱ्हासाचं लक्षण आहे, आणि झीज ओळखायची ती कॉर्टिकल रेषा तुटलेली दिसण्यावरून. तो निकष इथे लावला तर रिपोर्टमध्ये सांध्याची झीज लिहिली जाईल. पण या वयात रेषा पूर्ण नसणं हीच सामान्य गोष्ट आहे, हे त्या निबंधानं दाखवलं. एका मुलीला संधिवाताच्या शिक्क्यापासून वाचवायला एवढं पुरेसं आहे.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. किशोरवयीन मुलींमध्येच कॉन्डाइल आपोआप झिजत जाण्याचा एक आजार जास्त दिसतो. कॉन्डाइल लहान होतं, हनुवटी मागे जाते, पुढचे दात मिटेनासे होतात. 'वयामुळे रेषा तुटक आहे, काळजी नको' म्हणून घरी पाठवलेली मुलगी या आजाराची असू शकते. एकाच वयात, एकाच प्रतिमेत, न बनलेला थर आणि खाल्ला गेलेला थर जवळजवळ सारखे दिसू शकतात. वयोगटाची सरासरी यातून मार्ग काढू शकत नाही. उत्तर मिळतं ते त्याच मुलीकडे काही महिन्यांनी परत बघून: चावा बदलतोय का, कॉन्डाइलची उंची कमी होतेय का, एमआरआयमध्ये सांध्यात सूज आहे का. एमआरआयला किरणांचा धोका नाही, हाही फायदा. म्हणजे आपण परत चौकटीवरच्या खुणांपाशी आलो, फक्त आता खूण खाली सरकतेय का ते बघायचंय.

तुम्ही म्हणाल, एमडीएस तीन वर्षांचं, सिनॉप्सिस पहिल्याच वर्षी द्यायचा, मुलांना विनाकारण दोनदा सीबीसीटी काढता येत नाही, मग करायचं काय? अडचण खरी आहे आणि ती तुमची चूक नाही. तरी थोडी वाट आहे. दात सरळ करायच्या उपचारांत सुरुवातीला आणि शेवटी प्रतिमा घेतल्याच गेल्या असतील, तर माणूस तोच मिळतो. उपचाराचा परिणाम मिसळलेला असेल, तो मोकळेपणानं लिहा. अमेरिका-कॅनडातल्या बोल्टन, मिशिगन, बर्लिंग्टन अशा जुन्या वाढ-अभ्यासांचे वर्षानुवर्षांचे एक्स-रे जपलेले आहेत आणि त्यातले बरेच संशोधकांसाठी खुले केलेले आहेत. ती मुलं जुन्या पिढीतली आणि प्रामुख्यानं गोरी आहेत, हेही लिहा. आणि पिंपरी ते परभणी कुठल्याही कॉलेजात जुन्या प्रतिमांचा एकवेळचा अभ्यासच शक्य असेल, तर तोही करा, फक्त जन्मतारखेसोबत मानेच्या मणक्यांवरून किंवा मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वयही नोंदवा, एकाच माणसाची एकच बाजू घ्या, व्हॉक्सेलचं माप पद्धतीत द्या. आणि सिनॉप्सिसच्या शीर्षकात 'कॉन्डाइलच्या वाढीचे मूल्यमापन' असेल तर ते खोडून 'कॉन्डाइलच्या वयानुसार दिसणाऱ्या फरकांचा अभ्यास' असं करा. गाइड विचारतील का बदललं म्हणून. त्यांना ०.८ गुणिले २ चं वर्गमूळ कागदावर करून दाखवा.